गेलेल्या माणसाचा हिशोब

दुकानाचा मुहूर्त आपण पंचांग पाहून करतो. नवा माणूस पेढीवर घ्यावयाचा झाला तरी त्याला बहुधा दसरा, लाभपंचमी किंवा अक्षय्य तृतीया यांपैकी एखादा दिवस सांगतो. त्याच्या हातात पेढा ठेवतो, घरची चौकशी करतो. परंतु हाच माणूस दहा-पंधरा वर्षांनी पेढी सोडून निघतो, किंवा मंदी आली म्हणून आपणच त्याला निरोप देतो, त्या दिवसाचा विचार आपल्यापैकी कितीजणांनी केला आहे? आपल्या संघटनेच्या या स्मरणिकेत नव्या पेढ्यांचे अभिनंदन होईल, ज्येष्ठ सभासदांचा सत्कार होईल, आणि ते योग्यच आहे. आम्ही मात्र या चार पानांत पेढीतून बाहेर पडणाऱ्या माणसाविषयी लिहू इच्छितो. कारण व्यापाऱ्याच्या सचोटीची परीक्षा मालाच्या मापापेक्षाही या हिशोबात अधिक होते, असे आमचे अनुभवाअंती मत झाले आहे.

गोडादऱ्यात राहणाऱ्या वाचकांस येथील व्यवहार नव्याने सांगावयास नको. रिंगरोडच्या कापड मार्केटात आपले दुकान, आणि इकडे गोडादरा, डिंडोली, लिंबायत या भागांत गोदाम, घडी घालण्याचे काम, भरतकामाची यंत्रे, साडीला लेस लावणे, पार्सल बांधणे, असा हा विस्तार आहे. आपल्यापैकी अनेकांची मुळे खानदेशात आहेत, आणि आपल्या हाताखालच्या पुष्कळ माणसांचीही तिथेच आहेत. उधना-जळगाव मार्गावरच्या गाडीने अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारकडचा तरुण येथे येतो, ओळखीच्या माणसाचा हवाला देतो आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागतो. ना अर्ज, ना नेमणुकीचे पत्र. शब्दावर येतो आणि शब्दावरच जातो. शब्द मोठाच आहे; परंतु येण्याचा शब्द दोघांच्या लक्षात असतो, आणि जाण्याच्या वेळी कोणाचे काय देणे निघते, हे दोघांपैकी कोणासच ठाऊक नसते. पुढील सर्व घोटाळ्याचे मूळ येथेच आहे.

उदाहरण दुसऱ्याचे देण्यापेक्षा आपलेच द्यावे, हे बरे. २०२२ सालची गोष्ट. आमच्या पेढीवर तेव्हा चौदा माणसे होती. त्यांपैकी गोदाम सांभाळणारा एक गृहस्थ, धुळे जिल्ह्यातला, आमच्याकडे अकरा वर्षे आणि सात महिने होता. माल आला-गेला, तागे मोजले, चाव्या त्याच्याच कमरेला असत. वडील अंथरुणाला खिळले म्हणून त्याने गावी परतावयाचे ठरविले. त्या वेळी त्याचा पगार अठरा हजार रुपये होता. जाण्याच्या दिवशी आम्ही त्याला समोर बसवून विचारले, "भाऊ, तुझी काय अपेक्षा आहे?" तो संकोचला. म्हणाला, "शेठ, तुम्ही द्याल ते खरे. पंचवीस हजार झाले तर वडिलांच्या औषधाचे भागेल." आम्ही तात्काळ पंचवीस हजार दिले, वर त्याच्या मंडळींसाठी एक साडी आणि मिठाईचा पुडा दिला. त्याने वाकून नमस्कार केला. आम्हीही त्या रात्री समाधानाने झोपलो. आपण उदारपणे वागलो, असे आम्हांस मनापासून वाटले.

दोन महिन्यांनी वार्षिक हिशोबासाठी बसलो असता आमच्या कर सल्लागारांनी सहज विचारले की, त्या माणसाच्या ग्रॅच्युइटीची नोंद कोठे आहे? आम्ही साडीची आणि मिठाईची गोष्ट सांगितली. त्यांनी कागद ओढून आकडे मांडले. महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस धरावयाचे, शेवटच्या पगाराच्या हिशोबाने पंधरा दिवसांचे वेतन काढावयाचे आणि त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणावयाचे. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून अधिक काळ भरला असेल तर ते पूर्ण वर्ष समजतात. म्हणजे त्याची बारा वर्षे झाली. उत्तर आले, १,२४,६१५ रुपये. ज्या माणसाला पंचवीस हजार देऊन आम्ही उदार झालो होतो, त्याचे ९९,६१५ रुपये आमच्याच तिजोरीत होते.

त्या आकड्याने आमची झोप उडाली, ती दंडाच्या भयाने नव्हे. तो माणूस तक्रार करणार नव्हता. त्याला हक्काची कल्पनाच नव्हती. आम्हांस आठवले ते लहानपणी पाठशाळेत घोकलेले अतिचार. तत्त्वार्थसूत्रात सत्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत एक ‘न्यासापहार’ आहे. आपण याचा अर्थ ठेव बुडविणे असा ढोबळपणे करतो आणि मनाशी म्हणतो की, आपण कोणाची ठेव बुडविली आहे? परंतु पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत याचा जो अर्थ दिला आहे, तो फार सूक्ष्म आहे. ठेव ठेवणारा आपली रक्कम विसरला आणि त्याने खऱ्याहून कमी मागितली, तर ज्याच्याकडे ठेव आहे त्याने "होय, एवढीच होती" असे म्हणून तेवढीच परत करणे, याला त्यांनी न्यासापहार म्हटले आहे. यात कोणी खोटे कागद केले नाहीत, कोणावर बळजबरी केली नाही. मागणाऱ्याने मागितले ते त्याला मिळाले. तरीही तो दोष आहे, कारण एकाला खरा आकडा ठाऊक होता, अथवा ठाऊक असणे त्याचे कर्तव्य होते, आणि दुसऱ्याला तो ठाऊक नव्हता.

"तुझी काय अपेक्षा आहे?" हा आमचा प्रश्नच मुळात चुकीचा होता. ठेवीदाराला कोणी अपेक्षा विचारीत नाही. खाते उघडून बाकी दाखवितात. ग्रॅच्युइटी ही बक्षिसी नव्हे, ती दर वर्षी पंधरा दिवसांच्या वेतनाने आपल्याकडे साठत गेलेली कामगाराची ठेव आहे, ही एक गोष्ट जरी आपल्या सभासदांच्या मनात ठसली, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक होईल.

आता कायदा काय म्हणतो, ते थोडक्यात पाहू. सुरत १ मे १९६० पर्यंत मुंबई राज्यात होती, आणि १९४८ चा मुंबईचा दुकाने व संस्था कायदा, ज्यास आपण गुमास्ता कायदा म्हणतो, तो तेव्हापासून या भागातील व्यापाऱ्यांच्या परिचयाचा होता. एक वर्ष काम केलेल्या नोकरास काढावयाचे तर तीस दिवसांची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा, असे त्यात तेव्हाच सांगितले होते. १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कपातीचे प्रकरण घातले गेले. वर्षभर, म्हणजे किमान दोनशे चाळीस दिवस, काम केलेल्या कामगारास कामाअभावी कमी करावयाचे तर एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी वेतन, आणि शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षास पंधरा दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे लागते. सर्वांत शेवटी आलेल्यास सामान्यतः प्रथम कमी करावे आणि पुन्हा माणसे घ्यावयाची झाली तर कमी केलेल्यांस आधी विचारावे, हाही त्यातलाच दंडक. १९७२ च्या उपदान कायद्याने ग्रॅच्युइटी आली. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या दुकानांस ती लागू होते, आणि एकदा लागू झाल्यावर पुढे माणसे नऊ उरली तरी जबाबदारी सुटत नाही. पाच वर्षांची सलग नोकरी ही अट; परंतु मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास पाच वर्षांचीही अट नाही. माणसाने स्वतः राजीनामा दिला तरी ही रक्कम द्यावीच लागते आणि ती तीस दिवसांच्या आत द्यावयाची असते. आमच्या उदाहरणातील माणूस आपणहून गेला होता, म्हणून आम्ही सुटलो, असा जो समज कित्येकांचा आहे, तो निराधार आहे.

हे जुने कायदे आता चार श्रमसंहितांत एकत्र केले गेले असून त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. त्यांतील तीन गोष्टी प्रत्येक पेढीने ध्यानात ठेवाव्यात. पहिली, माणूस राजीनामा देवो, काढला जावो किंवा कारखाना बंद पडो, त्याचे राहिलेले वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते झाले पाहिजे. दुसरी, ठराविक मुदतीच्या करारावर घेतलेल्या माणसास पाच वर्षांऐवजी एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. तिसरी, पगाराची रक्कम निरनिराळ्या भत्त्यांत वाटून मूळ वेतन लहान दाखविण्याची जी युक्ती रूढ झाली होती, तिला आळा बसला आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या अर्ध्याहून अधिक झाले तर ते अधिक्य वेतनातच धरले जाते. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या पेढीस भविष्यनिर्वाह निधीही आहे, आणि तो तर कामगाराच्याच नावावर जमा असतो. तो काढण्यासाठी किंवा नव्या नोकरीत नेण्यासाठी नोकरी सोडल्याची तारीख वेळेवर नोंदविणे, एवढेच आपले काम उरते. एवढ्याशा नोंदीवाचून गरीब माणसाचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात.

यावर आपले बांधव जे आक्षेप घेतात, ते आम्ही ऐकले आहेत, नव्हे, एके काळी आम्हीही घेतले आहेत. त्यांचा विचार टाळून चालणार नाही.

पहिला आक्षेप असा की, आम्ही कामगाराच्या लग्नकार्यात, आजारपणात मदत करतो. मग पुन्हा हे वेगळे कशाला? मदत करणे हे आपल्या समाजाचे भूषण आहे आणि ते राहावे. परंतु दान आणि देणे ही दोन वेगळी खाती आहेत. देण्याची रक्कम दानाच्या खात्यात लिहिली की दान होत नाही आणि देणेही फिटत नाही.

दुसरा आक्षेप, माणूस न सांगता निघून जातो, सीझनच्या ऐन भरात गावी बसतो, आणि त्याच्याकडे उचल बाकी असते. ही तक्रार खरी आहे, आणि कामगाराचीही कर्तव्ये आहेत, हे आम्ही ठामपणे म्हणतो. दिलेली उचल नियमाप्रमाणे पगारातून वळती करता येते. मात्र कोणत्याही महिन्यात एकंदर कपात अर्ध्या वेतनाहून अधिक होता कामा नये. गावी राहिलेल्या माणसाचे नाव परस्पर खोडण्याचा अधिकार मात्र आपणास नाही. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका खटल्यात सांगितले की, गैरहजेरीच्या कारणावरूनही म्हणणे मांडण्याची संधी दिल्याविना नोकरी संपविणे न्यायाचे नव्हे. म्हणून आधी त्याच्या गावच्या पत्त्यावर एक पत्र जावे. पुष्कळदा उत्तर येते की घरात मृत्यू झाला आहे, किंवा पेरणी उरकून तो येतो आहे.

तिसरा आक्षेप, आपण शिकवून तयार केलेला माणूस शेजारच्या पेढीवर जातो आणि गिऱ्हाईकही नेतो. येथेही कायदा मालकाच्या विरुद्ध आहे असे समजू नये. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधील एक तंत्रज्ञ पाच वर्षांचा करार मोडून कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला, तेव्हा कराराच्या मुदतीत त्याने तेथे काम करू नये, हा मनाईहुकूम सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली कायम केला. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यातही, तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट त्या न्यायालयाने वैध ठरविली. परंतु करार संपल्यावर माणसाने कोठेच काम करू नये, अशी अट १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे टिकत नाही. तात्पर्य, जे हवे ते आधी लेखी आणि वाजवी असावे. नंतर पगार किंवा दाखला अडवून वचपा काढणे हा मार्ग नव्हे. कामावर जगणाऱ्या माणसाचे वेतन रागाच्या भरात अडकवून ठेवणे, याला आपल्या शास्त्रातला दुसरा एक शब्द अधिक लागू पडतो, आणि तो अहिंसेच्या अतिचारांत आहे: अन्नपाननिरोध. आश्रितांचे अन्नपाणी रोखणे हा दोष केवळ गोठ्यातील जनावरांपुरता आहे, असे आम्हांस वाटत नाही.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: लहान पेढीस एकदम लाख-दीड लाख आणावयाचे कोठून? आमचे उत्तर असे की, एकदम आणावेच लागू नयेत. आमच्या त्या गृहस्थाची रक्कम त्याच्या अखेरच्या पगाराच्या हिशोबानेदेखील वर्षाला सुमारे १०,३८५ रुपये, म्हणजे महिन्याला नऊशे रुपयांहूनही कमी होती. दर दिवाळीस वहीपूजनाआधी ती बाजूला ठेवली असती, तर जाण्याच्या दिवशी ओझे वाटलेच नसते. आपण मालाची घट धरतो, बुडीत उधारी धरतो, यंत्राची झीज धरतो. माणसाच्या झिजलेल्या वर्षांचीच तरतूद करावयास आपण विसरतो.

या विषयाची उपेक्षा झाल्यास काय होते, याची साक्ष आपल्या दोन्ही प्रांतांच्या इतिहासात आहे. मुंबईच्या गिरण्यांत १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप कोणाचा बरोबर, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु नंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि अनेक ठिकाणी हक्काची देणी मिळविण्यासाठी कामगारांस वर्षानुवर्षे झगडावे लागले, हे मराठी घराघरांत ठाऊक आहे. आपल्या सुरतेतही एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात परप्रांतीय कामगार पगार आणि गावी जाण्याची सोय मागत रस्त्यावर आले, ते आपण पाहिले. पूर्ण वेतन द्यावे, हा २९ मार्चचा केंद्राचा आदेश १८ मेपासून मागे घेतला गेला, आणि १२ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसांत बोलून मार्ग काढावा, असे सांगितले. बोलणी कोठे सोपी गेली? जेथे खाते स्वच्छ होते आणि शेठच्या शब्दावर विश्वास होता, तेथे. आमच्या ओळखीच्या ज्या पेढ्यांनी अर्धामुर्धा का होईना पगार गावी पाठविला, त्यांची माणसे परत आली. ज्यांनी फोन उचलला नाही, त्यांना यंत्रे सुरू करण्यास कारागीर शोधावे लागले.

याउलट अहमदाबादचे १९१८ सालचे उदाहरण मनात ठेवण्याजोगे आहे. प्लेगच्या काळात दिलेला बोनस मालकांनी बंद केला, त्यातून तंटा पेटला. गिरणीमालकांच्या बाजूस जैन कुळातले अंबालाल साराभाई, आणि कामगारांच्या बाजूस महात्मा गांधींसह त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन. अखेर वाद लवादाकडे सोपविला गेला आणि कामगारांची पस्तीस टक्के वाढीची मागणी मान्य झाली. पुढे १९२० मध्ये मजूर महाजन संघ स्थापन झाला. ‘महाजन’ हा शब्द मूळचा आपल्या व्यापारी पंचांचा. तो मजुरांनी घेतला, यात आपणास कमीपणा नाही. उलट तंटा पंचांपुढे बसून मिटवावा, ही आपलीच रीत आहे.

म्हणून आपल्या संघटनेपुढे आम्ही नम्रपणे काही सूचना ठेवतो. प्रत्येक पेढीने माणसास नेमणुकीचे पत्र द्यावे, आणि ते त्याला वाचता येईल अशा भाषेत, मराठी, गुजराती किंवा हिंदीत असावे. खातेवहीत प्रत्येक माणसाचे एक पान असावे. त्यावर रुजू होण्याची तारीख, पगार, उचल आणि ग्रॅच्युइटीची साठलेली रक्कम दर दिवाळीस लिहून त्याला दाखवावी. माणूस जाताना सर्व रकमांचा एक कागद करून, वाचून दाखवून, मगच सही घ्यावी. कोऱ्या कागदावर सही घेण्याची प्रथा ज्या कोणाकडे असेल, त्याने ती आजच बंद करावी. नोकरीचा दाखला मागितल्याबरोबर द्यावा. संघटनेने महिन्यातून एक दिवस जाणत्या सल्लागारास बसवावे, म्हणजे दहा-बारा माणसांच्या पेढीस हिशोब विनामूल्य करून मिळेल. तंटा झाल्यास तीन पंच असावेत, त्यांत एक कामगारांच्या विश्वासाचा. मात्र कायद्याने ठरलेल्या रकमेहून कमी तडजोड पंचांनी करू नये.

आणखी एक शब्द आमच्या भगिनींस. घरी स्वयंपाक करणारी बाई, मुलांना सांभाळणारी मावशी, यांना ग्रॅच्युइटीचा हा कायदा पोहोचत नाही. घरोघरी लेस आणि टिकल्या लावणाऱ्या स्त्रियांनाही बहुधा पोहोचत नाही. जेथे कायदा थांबतो तेथे व्रत थांबते, असे नाही. दहा वर्षे आपल्या घरात राबलेल्या बाईस निरोप देताना तोच पंधरा दिवसांचा हिशोब कोणी गृहिणीने मनात धरला, तर तिला कोण अडविणार आहे?

आमच्या त्या गृहस्थाचे पुढे काय झाले, हे सांगून आम्ही लेख संपवितो. उरलेले ९९,६१५ रुपये, अधिक झालेल्या उशिराचे व्याज, त्याच्या बँकेच्या खात्यात आम्ही भरले आणि हिशोबाचा कागद टपालाने पाठविला. त्याचा फोन आला. तो प्रथम घाबरला होता. रक्कम चुकून आली आणि परत मागतील, असे त्याला वाटले होते. "शेठ, हे माझे कसे?" असे त्याने तीनदा विचारले. आम्ही प्रत्येक ओळ फोनवर वाचून दाखविली. बारा वर्षे जो माणूस आमच्या तिजोरीच्या चाव्या सांभाळीत होता, त्याला स्वतःच्या पैशांविषयी एवढा संशय यावा, याला जबाबदार आम्हीच होतो.

दरवर्षी संवत्सरीस आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. त्या दिवशी फोनवर, पत्रांत, भेटीत ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणताना गेल्या दहा वर्षांत पेढी सोडून गेलेल्यांची एक यादी प्रत्येकाने समोर ठेवावी आणि त्यांची पाने उघडून पाहावीत. बाकी शून्य असेल तर आनंदच आहे. नसेल, तर क्षमा मागण्याआधी ती चुकती करावी, अशी आमची सर्व सभासद बंधूंस हात जोडून विनंती आहे.